थांबा डॉक्टर

दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव होतं, नावामागे पदव्यांची मालगाडी होती आणि त्याखाली 'वेडेवाकडे दात सरळ करून मिळतील' असं स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं. पण त्या भागात त्यांना कुणी त्या नावानं ओळखत नसे. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला पत्ता विचारला की तो म्हणे, "कोण, थांबा डॉक्टर? पुढचं वळण, दुसरा जिना. पण जाऊन काय करणार? थांबा म्हणतील."

आणि खरंच म्हणत. लोक दवाखान्यात जातात ते डॉक्टरनं काहीतरी करावं म्हणून. टोचावं, कापावं, निदान एखादी कडू गोळी तरी द्यावी. हे गृहस्थ मुलाला खुर्चीत बसवत, तोंडात आरसा घालून बघत, मग त्याचा हात हातात घेऊन ज्योतिष्यासारखा उलटसुलट करत आणि आईकडे वळून विचारत, "बूट कधी घेतलेत?"

"अहो, दात दाखवायला आलोय आम्ही."

"ते कळलं. बूट कधी घेतलेत?"

"शाळा सुरू झाली तेव्हा. का हो?"

"अजून होतात?"

"थोडे सैलच आहेत."

"मग थांबा. सहा महिन्यांनी या."

यात वेडेपणा वाटला तरी हिशेब पक्का होता. मूल वाढीला लागतं तेव्हा आधी हातपाय लांबतात, त्यांच्या मागोमाग उंची, आणि उंचीचं बोट धरून खालचा जबडा. ज्याची हनुवटी मागे राहिली आहे त्याला याच धावपळीत जबडा पुढे आणणारं यंत्र द्यायचं. वारा सुटला की शीड उभारायचं, तसं. फार आधी दिलं तर पोर नुसतंच ते तोंडात घेऊन कंटाळतं. फार उशिरा दिलं तर हाड म्हणतं, आता आम्ही नाही हलत; मग चांगले दात काढून जागा करा, नाहीतर मोठेपणी ऑपरेशन करा.

"पण हिला अकरा पूर्ण झाली," एखादी आई हटून बसे.

"ते दाखल्यावरचं वय. मी हाडांचं विचारतोय."

"हाडं काय वेगळ्या तारखेला जन्मली?"

"तारीख एकच हो. पण काही हाडं गजर होताच उठतात, काही लोळत पडतात. तुमच्या घरात नाही का तसं?"

यावर ती आई हमखास नवऱ्याकडे बघे आणि प्रकरण तिथे मिटे.

मग हाताचा एक्स-रे निघे. तो उजेडाच्या काचेवर लावला की डॉक्टरांचा आवाज बदलायचा. माणसं नातवंडांचे फोटो दाखवतात तशा लाडानं ते दुसऱ्यांच्या पोरांची हाडं दाखवत. "हे बघा, अंगठ्याच्या बुडाशी मोहरीएवढं हाड दिसतंय? नाही ना दिसत? ते उगवलं की समजायचं, गाडी फलाटावर लागली. आणि ही बोटांच्या हाडांवरची चकती. आत्ता नुसती वर ठेवल्यासारखी आहे. तिच्या कडा खाली वळल्या, टोपी घातल्यासारख्या, की पोर सुसाट धावतंय. टोपी डोक्याला चिकटली की संपलं. मग आम्ही नुसते हात हलवायला." मानेच्या मणक्यांचंही ते असंच कौतुक करत. खालची कड सरळ असली तर बाळ, पालथ्या वाटीसारखी आत वळली तर मोठं झालं. मुलं कंटाळून आपल्याच सांगाड्याकडे बघत बसत.

काउंटरवरच्या बाई दवाखान्याइतक्याच जुन्या होत्या आणि दवाखान्यापेक्षा जास्त बोलक्या. "डॉक्टर, बाहेर 'बसा'ची पाटी काढून 'थांबा'ची लावू का?" असं त्या महिन्यातून एकदा तरी विचारत. डॉक्टर म्हणत, "लावा. आणि स्वतःही जरा थांबत जा बोलायच्या."

दिवस असा बरा जायचा. संध्याकाळी बाई शटर ओढून गेल्या की डॉक्टर जिना चढून वर घरी जात. जिना छोटासाच होता, पण माणसांच्या जगातून बाहेर पडायला तेवढाही पुरतो.

बायको जाऊन बराच काळ लोटला होता. घर नीटनेटकं होतं, कारण पसारा करायला कुणी नव्हतं. एकट्यापुरता स्वयंपाक करायला ते शिकले होते. एकट्यापुरता कमी करायला मात्र जमलं नव्हतं, त्यामुळे सकाळचं रात्री आणि रात्रीचं सकाळी असं चक्र चाले. जेवताना ते रेडिओ आतल्या खोलीत लावत आणि स्वतः बाहेरच्या खोलीत बसत. म्हणजे आत कुणीतरी बोलतंय असं वाटे. काय बोलतंय त्याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. बायको बोलायची तेव्हाही नसायचं, असं ते स्वतःशीच थट्टेनं म्हणत आणि मग हातातला घास बराच वेळ हातातच राहत असे.

मुलगी दूरच्या शहरात होती. नवरा, नोकरी, एक लेक असा आटोपशीर संसार. ती लेक म्हणजे डॉक्टरांची खारूताई. वरचे दोन दात पुढे आणि हनुवटी लाजल्यासारखी मागे, त्यामुळे तिला लहानपणीच हे नाव आजोबांनी ठेवलं होतं. तेव्हा सगळे हसले होते, तीही हसली होती. अलीकडे हसताना ती तोंडावर हात घेत असे. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवसापासून डॉक्टरांनी ते नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं, मनातून मात्र ते जाईना.

मागच्या मोठ्या सुट्टीत ती आली होती तेव्हा त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं, हाताचा एक्स-रे काढला. मोहरीचा पत्ता नव्हता.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? थांबा."

"मलाही थांबाच? मी घरची आहे ना!"

"घरच्यांना दुप्पट थांबा."

"पण यंत्र तुम्हीच लावायचं हं आजोबा. दुसऱ्या कुणाला मी तोंड उघडून देणार नाही."

हे वाक्य घेऊन ती परत गेली आणि तेच वाक्य घेऊन डॉक्टर इकडे राहिले. त्याच वाक्यातून पुढे एक बेत आकाराला आला. मुलीच्या ऑफिसची शाखा याच शहरात होती. ती म्हणाली, "बाबा, हिचं काम दीड-दोन वर्षांचं, दर महिन्याला दाखवायचं. मी इकडे बदलीच मागते. पुढचं शाळेचं वर्ष तिकडेच काढू. तुमच्याकडेच राहू." जावयांचं म्हणणं होतं की दातांसाठी कुणी शहर बदलतं का? मुलीचं म्हणणं, घरात डॉक्टर असताना परक्याकडे का जायचं?

खरं कारण बाप आणि लेक दोघांनाही माहीत होतं. मला एकट्याला करमत नाही, या, असं म्हणायची बापाची छाती नव्हती. तुम्ही एकटे असता म्हणून येते, असं म्हणायची लेकीला सोय नव्हती, कारण बाप लगेच म्हणाला असता, मला काय धाड भरलीय? म्हणून दोघांनी मिळून ते सगळं ओझं एका पोरीच्या खालच्या जबड्यावर ठेवलं होतं.

डॉक्टरांनी आतली खोली रिकामी केली. वर्षानुवर्षं साठलेले रुग्णांच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे तिथे फळ्यांवर मांडलेले होते. ते खोक्यांत भरून खाली नेले. बाई म्हणाल्या, "एवढी तोंडं घरात होती आणि एकही बोलणारं नव्हतं. बरं झालं नेलीत." नवी गादी आली. तिचं प्लॅस्टिक मात्र त्यांनी काढलं नाही. म्हणाले, धूळ बसते.

दर रविवारी सकाळी फोनवर बोलणं व्हायचं, समोरासमोर दिसेल असं. पडद्यावर नातीचा चेहरा यायचा, पडदाभर. मागच्या वर्षी पडदाभर होता, या वर्षीही पडदाभर. इथेच डॉक्टरांची फसगत झाली. परक्या पोरांच्या बुटांची चौकशी करणाऱ्या या माणसानं आपल्या नातीला कधी बुटांबद्दल विचारलंच नाही, कारण ती तर दर रविवारी डोळ्यांसमोर दिसत होती! शिवाय मुलगी स्वतः फार उशिरा वाढली होती. तिचे कपडे आखूड व्हायला लागले तेव्हा तिच्या मैत्रिणींची वाढ थांबलीही होती. लेक आईच्या वळणावर जाणार, हे त्यांनी धरूनच टाकलं. नातीत निम्मी हाडं जावयांची होती, ही गोष्ट सासऱ्यांना सोयीस्करपणे आठवली नाही.

एका रविवारी नात शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती. सांगता सांगता उठली, मागच्या कपाटाकडे गेली आणि कपाटावरचा डबा काढून खात खात परत आली. पुन्हा पडदाभर चेहरा.

डॉक्टरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"स्टूल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कसलं स्टूल आजोबा?"

मागून मुलीचा आवाज आला, "हिला आता कसलं स्टूल लागतंय! मलाच डबे काढून देते. आणि बाबा, बूट तर विचारूच नका. नवे घेतले तेही लागायला लागले."

डॉक्टर म्हणाले, "उद्या हिच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढ आणि मला पाठव."

"का? काय झालं?"

"काही नाही, सहज."

"बाबा, एक्स-रे कुणी सहज काढतं?"

"मी काढतो. तुझ्या आईचाही काढला होता, लग्नाआधी." खोटं होतं, पण मुलगी हसली आणि फोन ठेवता आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक्स-रे आला. बाई जेवायला गेल्या होत्या. डॉक्टरांनी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा करून लावला आणि मागच्या सुट्टीतला जुना काचेवर चढवला. जुन्यात लहान मुलीचा हात होता. नव्यात अंगठ्याच्या बुडाशी मोहरी ठसठशीत बसलेली, आणि मधल्या बोटाच्या हाडावर चकतीच्या दोन्ही कडा खाली वळलेल्या. टोपी.

दुसऱ्या कुणाचा हात असता तर ते म्हणाले असते, "आज माप देऊन जा." पण ते खुर्ची मागे घेऊन बसले. मग पुढे घेऊन बसले. डाव्या बाजूची कड जरा कमी वळली आहे का? पूर्ण टोपी म्हणता येईल का हिला? नवं शाळेचं वर्ष सुरू व्हायला सात-आठ महिने. तोवर वेग ओसरेल, पण अगदीच संपणार नाही. थोडं तरी हाती लागेल. आणि मी स्वतः करीन. परका करील त्यापेक्षा माझ्या हातचं काय वाईट होणार? हाडाकडे बघता बघता त्यांना हाडामागची खोली दिसायला लागली. गादीवरचं प्लॅस्टिक काढलेलं, दप्तर फेकलेलं, दिवा विसरून तसाच चालू.

बाई आल्या तेव्हा त्यांनी पडदा बंद केला.

संध्याकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा वर्षभर दवाखान्याचे हेलपाटे घालत होता आणि आता त्याची वेळ भरली होती. हात, मान, बूट, सगळे एकमुखानं सांगत होते. डॉक्टरांनी तसं सांगितलंही.

"पण डॉक्टर," बाप म्हणाला, "आत्ता मोठ्या गडबडी आहेत. घर बदलतोय. नवीन जागेत एकदा सगळे स्थिर झालो की निवांत सुरू करू. पाच-सहा महिने इकडे तिकडे, काय?"

एरवी डॉक्टरांनी त्याची अशी चंपी केली असती की काउंटरवर ऐकू गेली असती. हाड काय तुमची सवड बघून वाढणार आहे का, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून अगदी मऊ आवाजात निघालं, "काय बिघडतंय? थांबू की. घर महत्त्वाचं."

बाप खूश झाला. मुलगा तर बापापेक्षा खूश झाला. दोघं जिना उतरायला लागले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं नाही वाटत का तुम्हाला?"

"मला काय झालंय?"

"नाही, तुम्ही एवढं गोड बोललात म्हणून विचारलं."

डॉक्टर क्षणभर उभे राहिले आणि एकदम जिन्याकडे धावले. या वयात धावणं म्हणजे चपलांचा आवाज जास्त आणि अंतर कमी. "अहो! अहो, घर बदलणारे! परत या वर!"

बाप घाबरून वर आला. "काय झालं डॉक्टर?"

"चुकीचं सांगितलं मी. सहा महिन्यांनी माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही. आज माप द्या. घर खोक्यांत असलं तरी तोंड इथेच आहे ना याचं?"

मुलानं बापाकडे असं बघितलं की जिना जरा भराभर उतरलो असतो तर! पण माप दिलं.

ते दोघं गेल्यावर डॉक्टर दवाखान्याच्या आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि मुलीला फोन केला.

"एक्स-रे बघितला," ते म्हणाले. "आत्ता सुरू करायचं. या महिन्यात."

"आत्ता? बाबा, शाळा चालू आहे. दर महिन्याला तिकडे कसं यायचं?"

"इकडे नाही. तिकडेच कुणीतरी चांगला डॉक्टर बघ. मी दोन-तीन नावं विचारून कळवतो."

मग मुलगी म्हणाली, "पण आपलं ठरलं होतं ना? आम्ही येतच होतो. बदलीचा अर्ज पुढच्या आठवड्यात द्यायचाय."

"तोवर वेळ निघून जाईल."

"तुम्हीच म्हणालात थांबा!"

"म्हणालो. तिचा चेहरा बघत राहिलो आणि पाय बघायचे राहिले."

"थोडं उशिरा झालं तर चालणार नाही का? तुम्ही करणार असलात तरी?"

हाच प्रश्न त्यांनी दुपारभर स्वतःला विचारला होता, आणि उत्तर हवं तसं येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारला होता. "माझे हात तेवढे मोठे नाहीत गं," ते म्हणाले. "काम हाड करतं. मी नुसता वेळ साधतो. वेळ चुकली तर मीही पोरीचे दोन चांगले दात काढून जागा करणाराच एक डॉक्टर."

मुलगी हळूच म्हणाली, "मग बदलीचं काय करू?"

इथे नुसतं एक वाक्य पुरलं असतं. ये, दातांचं जाऊ दे, माझ्यासाठी ये. वाक्य ओठांपर्यंत आलं. पण मुलीचं घर, तिच्या नवऱ्याचं काम, पोरीची शाळा हे सगळं त्यांना त्या वाक्यापलीकडे उभं दिसलं, आणि ते म्हणाले, "ते तुमचं तुम्ही ठरवा. दातांसाठी नको मागूस एवढंच."

"तुम्ही तिथे..."

"मला काय धाड भरलीय?" डॉक्टर म्हणाले.

नातीला फोन दिला तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही नाही लावणार?"

"नाही."

"प्रॉमिस केलं होतं."

"केलं होतं. तू ऐनवेळी उंच झालीस."

"म्हणजे माझी चूक?"

"नाही. माझी."

ती उठून निघून गेली. फोन टेबलावर तसाच चालू राहिला, आणि डॉक्टर बराच वेळ तिच्या घरातलं छत बघत बसले. मग मुलीच्या लक्षात आलं आणि तिनं तो बंद केला.

बदलीचा विषय पुढे निघाला नाही. त्यांनीही काढला नाही. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी काम सुरू केलं. एकदा मुलीनं हौसेनं मापांचे फोटो पाठवले तेव्हा डॉक्टरांनी चार सूचना लिहिल्या, वाचल्या आणि पुसून 'उत्तम' एवढंच पाठवलं. नात दोन रविवार फोनवर आली नाही. अभ्यास आहे, असं मुलगी सांगे. अभ्यास हा नातीच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द होता, त्यामुळे काय ते कळायचं.

तिसऱ्या आठवड्यात, रविवार नसतानाच, फोन वाजला. पडद्यावर नात, डोळे रडून लाल, आणि तोंडात वर-खाली दोन ठोकळे बसवलेलं यंत्र.

"आझोबा, शाळेत शगळे हशतायत. आई म्हणते काय बोलतेश ते कळत नाही. बाबांना पण नाही कळत. मी घरात लिवून दाखवतेय!"

मुलगी मागून म्हणाली, "बाबा, काय म्हणतेय ही? तीन दिवस झाले, आम्हाला एक अक्षर लागत नाही."

डॉक्टर म्हणाले, "म्हणतेय, शाळेत सगळे हसतायत आणि घरात लिहून दाखवावं लागतं."

नात रडायची थांबली. "तुमाला कळलं?"

"न कळायला काय झालं? आयुष्यभर अशीच भाषा ऐकतोय मी. पुढे बोल. कोण कोण हसलं?"

मग ती जे सुटली ते सुटलीच. कोण हसलं, वर्गातल्या बाईंनी उत्तर कसं विचारलंच नाही, डब्यातलं खाताना काय फजिती झाली, शेजारच्या बाकावरची मैत्रीण कशी दुसऱ्या बाकावर गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रोज शाळा सुटली की. काही वेळा आईला काही सांगायचं असलं तरी ती आधी आजोबांना फोन करी, आजोबा ते मुलीला सांगत आणि मुलगी शेजारच्याच खोलीतून उत्तर देई. डॉक्टर त्या वेळेला रुग्ण घेईनासे झाले. बाई रुग्णांना सांगत, "डॉक्टर परदेशी भाषेत बोलतायत. बसा."

या यंत्राची बोबडी फार टिकत नाही. जिभेला सवय झाली की आठ-दहा दिवसांत बोलणं साफ होतं. डॉक्टरच प्रत्येक आईला हे सांगून धीर देत आले होते. या खेपेला त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण रोज फोनवर एकेक अक्षर परत येताना त्यांना ऐकू येत होतं. आधी 'ज' आला. मग 'स'. मग एका दुपारी ती आरपार स्वच्छ आवाजात म्हणाली, "आजोबा, आज मी वर्गात धडा वाचला! सगळ्यांना कळला!"

"वा!" डॉक्टर म्हणाले. "शाबास."

"मग आता रविवारी बोलू?"

"रविवारी बोलू."

शेवटी ती हसली. तोंडावर हात न घेता, आतल्या ठोकळ्यांसकट. डॉक्टरांनी हनुवटीकडे बघितलं. अजून काहीच फरक नव्हता, इतक्यात दिसणारही नव्हता, पण दिवस योग्य होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला ते सवयीनं आतल्या खोलीत जाऊन बसले. फोन समोर ठेवला होता. थोड्या वेळानं बाई दारातून म्हणाल्या, "पाठवू का कुणाला आत?"

"पाठवा."

घर बदलणाऱ्या गृहस्थांचा मुलगा आला, नवं यंत्र घालून. बाप वैतागलेला होता. "डॉक्टर, हे काय बोलतं तेच समजत नाही. किती दिवस चालणार हे?"

"आठ-दहा दिवस," डॉक्टर म्हणाले. "जाईल आपोआप."

तपासायचं काही नव्हतंच. त्यांनी आरसा बाजूला ठेवला, खुर्ची मुलाच्या जवळ ओढली आणि म्हणाले, "हं, बोल. मला कळतंय. नवं घर कसं आहे?"

मुलगा आधी बापाकडे बघून बिचकला. मग सांगायला लागला. नव्या घरात त्याची खोली कुठे आहे, खिडकीतून काय दिसतं, कुठलं खोकं अजून सापडलेलं नाही. बाप घड्याळ बघत होता. बाहेर लोक खोळंबले होते, बाई दोनदा डोकावून गेल्या. डॉक्टर मान हलवत ऐकत होते, आणि मुलगा दम घ्यायला थांबला की विचारत होते, "आणि मग?"